तीन, चार, पाच

पूजेच्या आदल्या दिवशी चिमाबाईने आपल्या हाताने सगळी शाळा पुसून टाकली, आणि तिला ते कळलंही नाही.

शाळा तेव्हा होती ती एवढीच: चुन्याच्या फक्कीने ओढलेल्या रेघा आणि आठ खुंट्या. तिच्या नवऱ्याने, कारभारी गवंड्याने, दोन दिवस उन्हात वाकून ती आखणी केली होती. तीन खोल्या आणि पुढे रुंद ओटा. आखून झाल्यावर तो पहाटेच ट्रकवर बसून खानवेलकडे दगड भरायला गेला. मागे ठेकेदार रमाकांतशेठची माणसं आली. उद्या मोठे साहेब भूमिपूजनाला येणार, जीप थांबली की धूळ उडता कामा नये, जागा सारवून ठेवा, असा हुकूम झाला. पाहुण्यांच्या पायात येतील म्हणून खुंट्या उपटल्या. चिमाबाईने आणि आणखी दोन बायांनी शेजारच्या झिपरूच्या गोठ्यातून सहा पाट्या शेण आणलं आणि गुडघे टेकून दिवस कलेपर्यंत त्या सारवत राहिल्या. संध्याकाळी चिमाबाईने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. सारवण एकसारखं बसलं होतं, कुठे बोट उठलेलं नव्हतं. तिला ते फार आवडलं.

ट्रक आला. कारभारी उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"आखणी कोठे गयी?"

"कोन्ती आखणी?"

"आठे, याच जागवर, रेघा व्हत्यात ना, चुनान्या!"

चिमाबाईने सारवणाकडे पाहिलं, मग आपल्या शेणाने भरलेल्या हातांकडे. "सारवी दे म्हने, सारवी दिन्ह. माले वाटनं, रेघासनं काम व्हयी गयं."

कारभारीने डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं. बायकोवर ओरडायची त्याला सवय नव्हती, आणि तीस वर्षांत जमलंही नव्हतं. "पुन्हा आखसू," तो म्हणाला. "उद्यानी पूजा व्हवू दे."

ही मंडळी साक्रीकडची. तिकडे दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले, गावात कुणी चूलसुद्धा नवी घालेना, मग गवंड्याला कोण विचारतो? मुलगा अमोल आधीच सिल्वासात आमलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागला होता. त्याच्या पाठोपाठ कारभारी, चिमाबाई आणि सून चंदा असे तिघे आले. रांध्याच्या पुढच्या या पाड्यावर सरकारी शाळेचं काम निघालं तेव्हा कामाच्या जागेवरच त्यांनी कुडाची झोपडी घातली. चंदाला आठवा लागला होता. पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं, त्यामुळे चिमाबाई तिला घागरसुद्धा उचलू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडप लागला. शाळा म्हणजे तोवर आंब्याखाली भरणारी चाळीस पोरं आणि त्यांचे सदाशिव गुरुजी. गुरुजी कोकणातले, उंच, काटक, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. त्यांनी आठवडाभर आधीच इंजिनियर श्रीकांतसाहेबांना विचारलं होतं, "सरकारी शाळा, सरकारी काम. त्यात पूजा कशाला हो? माझ्या वर्गात सात पोरं चर्चला जाणारी आहेत. त्यांच्या आईबापांनी कुठे उभं राहायचं?"

"गुरुजी, नारळ फुटल्याशिवाय आमच्या खात्याचा रोलरसुद्धा सुरू होत नाही," श्रीकांतसाहेब म्हणाले होते, आणि तो विषय तिथेच संपला होता.

जीप आली. मोठे साहेब परमुलखातले, हिंदी बोलणारे, घाईतले. भटजी पाटावर बसले होते. खड्डा कुठे घ्यायचा म्हणून त्यांनी मंडपाच्या मधोमध उभं राहून सूर्याकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं आणि बोट दाखवलं, "ईशान्य कोपरा हा."

"जरा आनखी पलीकडे, महाराज," कारभारी मागून म्हणाला. रेघा नव्हत्या, पण त्याच्या डोळ्यात त्या अजून होत्या.

रमाकांतशेठने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. त्याच्या हातात कालवलेल्या सिमेंटच्या मालाचं घमेलं देऊन त्याला बाजूला उभं केलं.

भटजींनी साहेबांच्या हातात पाणी दिलं. "नाव? गोत्र?"

"मेरा नहीं," साहेब म्हणाले, "सरकारी काम है. सरकार के नाम से कीजिए."

भटजींची पळी हवेत थांबली. सरकार हे नाव एक वेळ घेता आलं असतं. "आणि सरकारचं गोत्र?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. श्रीकांतसाहेब घामाघूम झाले. काही तरी बोललंच पाहिजे म्हणून ते बोलले, "बांधकाम खातं."

मागे कुणी तरी फिस्सकन हसलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. "सरकारला गोत्र नसतं, भटजीबुवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असलं असतं तर ते सगळ्यांचं सरकार नसतं."

"काश्यप म्हणू," भटजींनी तोडगा काढला आणि मंत्र पुढे सुरू झाले. खड्ड्यात नवधान्य पडलं, सुपारी पडली, चांदीचा इवलासा नाग पडला. वर काळ्या दगडाची, अक्षरं कोरलेली घडीव कोनशिला ठेवली. साहेबांनी चकचकीत थापीने माल लावला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या.

ज्याच्या बापजाद्यांची ही जमीन, तो वारली म्हातारा झिपरू मंडपाबाहेर कुडाशी उकिडवा बसला होता. त्याला आत या असं कुणी म्हटलं नाही. खात्याचा शिपाई पोरांच्या कपाळाला ओळीने टिळे लावत होता. पेढे वाटले तेव्हा चिमाबाईला रांजणापाशी एक पोरगी दिसली, कुसुम नावाची, चर्चवाल्यांपैकी. ती ओल्या बोटांनी कपाळ खसाखसा पुसत होती. शिपायाने तिला बघितलं आणि दटावून पुन्हा टिळा लावला. पोरगी रडली नाही. तो वळल्यावर तिने पुन्हा पुसायला सुरुवात केली. कपाळाची कातडी लाल झाली होती. चिमाबाईला ते बरं वाटलं नाही, पण सरकारी माणसाला काय बोलणार?

सगळे गेल्यावर ती एकटी कोनशिलेपाशी गेली. दगडाला हळदीकुंकू वाहिलं, पदर पसरला आणि चंदाचं नाव सांगून मागायचं ते मागितलं.

तिसऱ्या दिवशी कारभारीने पुन्हा आखणी धरली. त्याच्याकडे बापाच्या हातची एक सुती दोरी होती. तिला हाताहाताच्या अंतरावर बारा गाठी. दोन्ही टोकं कोपऱ्यात धरून एका अंगाने तीन गाठी, दुसऱ्या अंगाने चार, आणि तिरप्यात बरोबर पाच आल्या की कोपरा गुण्यात आला, म्हणजे काटकोनात बसला. कारभारी शाळेत गेलेला नव्हता, पण रोज काम सुरू करायच्या आधी तो ही दोरी कपाळाला लावायचा. त्याचा देव म्हणायचा तर तोच.

त्याने कोपऱ्याला दोरी लावली. कोनशिला कोपऱ्यापासून चांगली दीड हात आत पडली होती. त्याने दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. इमारत सरकवावी तर मागे ओढा आणि अंगाला झिपरूचा बांध. सरकायला जागा नव्हती.

रमाकांतशेठ स्कूटरवरून आला. त्याने दगडाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि हसून आपल्या गुजराती-मराठीत म्हणाला, "एमां शुं? भिंत जरा वळव ने, भाई. दगडापासून उचल. दीड हात तिरकी भिंत, कोण जोवानुं छे, कोण बघतंय?"

"शेठ, पोरं बसतीन तठे. पत्रा बसनार नही. ओट्याना कोपरा चोचसारखा निघी."

"मग निघू दे."

"कोनशिला म्हनजे कोनातली शिला ना, शेठ? कोनच नही, तर शिला कसानी?"

शेठचं हसू गेलं. "पूजेचा दगड हलवायचा नाही. मागल्या साली एका कामावर पूजा न करता पाया भरला, स्लॅब बसला माझा. आणि साहेबांचा फोटो पेपरात आलाय या दगडासकट."

श्रीकांतसाहेबांना विचारलं. ते नकाशा उलगडून बराच वेळ बघत राहिले, जणू नकाशातच काही सोय निघेल. "दगड हलवा असं मी लेखी देणार नाही," शेवटी ते म्हणाले. "आणि हलवू नका असंही देणार नाही."

"सोमवारी चर खणायला माणसं लावतो," शेठ कारभारीला म्हणाला. "दगडाला धरून खणायचं. जमत नसेल तर झोपडी उचल. आमलीच्या नाक्यावर गवंडी पुष्कळ."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे तर नाचता येत होतं आणि अंगणच वाकडं करायला सांगत होते. कारभारीच्या आयुष्यात एक भिंत ओळंब्याबाहेर गेलेली नव्हती. साक्रीकडे त्याने बांधलेल्या विहिरीत उतरून लोक त्याच्या नावाने थाप मारायचे, आवाज सगळीकडून सारखा येतो म्हणून. त्याने संध्याकाळी भाकरी पुढ्यात घेतली आणि तशीच ठेवली. "मी तो दगड हालाडसू," तो म्हणाला.

चिमाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "हात लावशात तर मनी आन शे. त्या दगडले मी चंदानं नाव सांगेल शे."

"तिरपी भिंत बांधू का मग?"

"बांधा. भिंतले काय व्हस? पोरना जीव मोठा का भिंत?"

चंदा कुडाला टेकून बसली होती, तिने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि मान खाली घातली. आपल्यामुळे घरात भांडण झालं याचं तिला वाईट वाटत होतं.

पुढचे तीन दिवस नवरा-बायको बोलले नाहीत. काम मात्र थांबलं नाही, कामाला रुसवा परवडत नाही. ट्रकमधून आलेले दगड कारभारी हातोड्यासारख्या सुतकीने फोडी आणि चिमाबाई ते चुंबळीवर घेऊन लावी. छिन्नीच्या कपऱ्या उडून त्याच्या नडगीला बारीक बारीक जखमा झाल्या होत्या. फाल्गुनाचं ऊन दगडांवर तापून परत तोंडावर यायचं. तिचा तळवा अंगठ्याच्या मुळाशी फाटला होता, त्यात ती जेवताना मीठ लागू नये म्हणून डाव्या हाताने कालवायची. दगड खाली ठेवताना दोघांचे हात एकमेकांपाशी यायचे. तो दगड घ्यायचा, ती वळायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी आले, दगडावर रुमाल टाकून बसले. "कारभारी, फळा कुठल्या भिंतीला येणार?"

"ती तिरपी व्हई ना, तिलेच."

गुरुजी म्हणाले, "मी लिहून देतो. दगड शाळेचा आहे, शाळेच्या सोयीने हलवा, असं मुख्याध्यापक म्हणून सही करून देतो. होऊन होऊन काय होईल? बदली करतील."

"तुमनं लिखेल घरमा चालाव नही, गुरुजी," कारभारी म्हणाला आणि बायकोच्या दिशेने नुसती मान हलवली. गुरुजींचंही लग्न झालेलं होतं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चिमाबाई घमेलं घेऊन पाठमोरी उभी होती. तिने सगळं ऐकलं. चाळीस पोरं तिरक्या भिंतीकडे तोंड करून बसलेली तिला दिसली, आणि त्यांत ती लाल कपाळाची कुसुमही दिसली.

रविवारी ती शेण आणायला झिपरूच्या गोठ्यात गेली. म्हातारा दावं वळत होता. इतके दिवस मनात असलेलं तिने विचारून टाकलं. "बाबा, जमीन तुमची. तुम्ही पूजा केली का नाही?"

"आम्ही तं आधीच केली, बाय. साहेबाच्या आधी."

"कशी?"

"चार दाणे टाकले तांदळाचे. दोन थेंब ताडीचे. धरतरीला सांगितलं, पोरांचं घर करतू, राग नको धरू."

"कुठं टाकले?"

झिपरूने हात उचलून सगळ्या रानावरून फिरवला. "हिथं."

"म्हणजे कोणत्या कोपऱ्याला?"

म्हातारा हसला तेव्हा त्याचे दोनच दात दिसले. "धरतरीला कोपरा कुठला, बाय? ती काय दीड हातात हरवंल?"

पाटी डोक्यावर घेऊन चिमाबाई झोपडीत आली, आणि शेण तसंच दाराशी ठेवून तिने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. पेटीत साक्रीहून आणलेले घरचे देव होते, चांदीचे पाच टाक, लाल फडक्यात गुंडाळलेले. गाव सोडताना तिनेच ते देव्हाऱ्यातून उतरवले होते. तेव्हा भटजी नव्हता, मुहूर्त नव्हता, ट्रकवाला भोंगा वाजवत होता. चार दाणे वाहून तिने देवांना सांगितलं होतं, उठा, घर बदलनं शे. मग मांडीवर पेटी घेऊन ती रात्रभर ट्रकच्या मागे बसली होती. एवढा मुलूख ओलांडला, नदी ओलांडली, बोली बदलली. देव रागावले नाहीत. अमोलचं काम टिकलं, चंदाला पुन्हा दिवस गेले. एवढ्या लांब आलेले देव आपल्याला ओळखतात, आणि हा दगड दीड हातात विसरेल? तिला स्वतःचंच हसू आलं. तीन दिवस नवऱ्याशी अबोला धरला त्याची लाजही वाटली.

सोमवारी माणसं कुदळी घेऊन आली. शेठही आला, आमलीहून आणलेल्या दुसऱ्या एका गवंड्याला मागे बसवून. कारभारीने आपली थापी, ओळंबा, दोरी पिशवीत भरली होती. बांधायचं तर गुण्यात, नाही तर जायचं, असं त्याने ठरवलं होतं. कुठे जायचं ते ठरवलेलं नव्हतं.

तेवढ्यात चिमाबाई आली. डोक्यावरून न्हालेली, केस ओले, नेसण धुतलेली, पदरात मूठभर तांदूळ. ती सरळ कोनशिलेपाशी गेली, वाकली, तांदूळ वाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "ऊठ बाप. घर बदलनं शे." मग नवऱ्याकडे वळून, तीन दिवसांत पहिल्यांदा, "छिन्नी आना ना. माल घट झायेल शे."

कारभारीने पिशवी उघडली. त्याने दगडाच्या चारी अंगांनी माल हलकेच फोडला, एक कपरीही दगडाची उडू दिली नाही. खालचा नाग, सुपारी, धान्य चिमाबाईने वेचून पदराच्या गाठीत बांधलं. डोक्यावर चुंबळ ठेवली. कारभारीने दगड उचलून तिच्या डोक्यावर दिला.

"ए बाई!" शेठ ओरडला. "साहेबांनी ठेवलेला दगड! काही झालं तर तुझ्या डोक्यावर!"

"डोकावरच लिन्ह शे, शेठ," चिमाबाई म्हणाली आणि चालू लागली.

कुदळवाले हसले, आमलीचा गवंडीही हसला. तो खाली उतरला होता, त्याने कारभारीच्या दोरीच्या गाठी हातात घेऊन पाहिल्या आणि शेठला म्हणाला, "मला परत सोडा. हा माणूस बरोबर आहे." शेठने थोडा आरडाओरडा केला, पण पावसाच्या आत पत्रे चढायला हवे होते आणि दगड तर उठला होता. दुसऱ्या दिवशी कारभारीच्या आखणीवर चर खणायला सुरुवात झाली.

चर खणून, पाया भरून जमिनीवर येईपर्यंत सरकारची कोनशिला चिमाबाईच्या झोपडीत राहिली. तिने तिला टाकांच्या पेटीशेजारी पाटावर ठेवलं. श्रीकांतसाहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं, "दगड कुठाय?"

"घरी शे," चिमाबाई म्हणाली. "पाहुणा."

"आणि पूजा वगैरे?"

"करते ना, साहेब. पूजा घरी करते. इथं काम करते."

साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. पण जाताना ते झोपडीच्या दारातून आत डोकावले आणि बूट काढून नमस्कार करून गेले, कुणी बघत नाही असं समजून.

दगड घरी आल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी चंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. चिमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दगड डोक्यावर घेताना ती घाबरली नव्हती, आता घाबरली. तिने एकदा दगडाकडे पाहिलं आणि चंदाला सावरायला धावली. श्रीकांतसाहेबांची जीप नशिबाने उभी होती. कुणी मागायच्या आधी त्यांनी मागचं दार उघडलं. सिल्वासाच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कारभारी भिंतीला टेकून बसला. हातात दोरी होती, ती कधी पिशवीतून काढली त्याला आठवत नव्हतं. तो एकेक गाठ अंगठ्याखालून सरकवत होता. तीन, चार, पाच. पुन्हा तीन. तिरपी भिंत बांधली असती तर बरं झालं असतं का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, पुढे त्याने हे बायकोलाही सांगितलं.

दुपारी नर्सने दार उघडलं. मुलगी. लहानखुरी, पण खणखणीत रडणारी. चिमाबाई तिथेच फरशीवर बसली आणि पदरात तोंड घालून इतकी रडली की लोकांना काही वेगळंच वाटलं.

बारशाआधी कोनशिला बसली. चिमाबाईने ती पुन्हा डोक्यावर आणली. खाली नाग, सुपारी, धान्य ठेवलं, आणि कारभारीने ओट्याच्या ईशान्य कोपऱ्यात, जोत्याच्या पहिल्या थरात ती बसवली, अक्षरं बाहेरून दिसतील अशी. वरून ओळंबा सोडला. तो स्थिर होईपर्यंत सगळे थांबले. शेठने स्वतः पेढे आणले. ते पोरीसाठी की दगडासाठी, ते त्याने सांगितलं नाही.

पावसाच्या आत पत्रे चढले. पुढच्या जानेवारीत शाळा उघडायला पुन्हा तेच मोठे साहेब आले. शेठने पुन्हा भटजी आणले होते, ताम्हण, नारळ, सगळं ओट्यावर मांडलं होतं. या वेळी झिपरू पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. गुरुजींनीच त्याला धरून बसवलं होतं. खुर्चीची सवय नसल्यामुळे तो कडेला टेकून बसला होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पूजा शुरू करें?"

गुरुजी पुढे झाले. वरचं बटण लावलेलं. "साहेब, मागच्या वेळी सरकारचं गोत्र सापडलं नव्हतं. या वेळी शोधू नये, अशी विनंती आहे. ज्याची त्याची प्रार्थना जो तो घरून करून आला आहे. शाळेत शाळेचं काही करू या."

शेठने डोळे मिटून घेतले. श्रीकांतसाहेब दोन पावलं मागे सरकले. मोठ्या साहेबांनी गुरुजींकडे, मग पोरांकडे पाहिलं. एकाही पोराच्या कपाळाला काही नव्हतं. "क्या करेंगे?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी कारभारीपुढे हात केला. कारभारीने पिशवीतून दोरी काढून दिली, आणि काढताना सवयीने कपाळाला लावली.

"पहिली गाठ कोपऱ्यात कोण धरणार?" गुरुजी म्हणाले. "चिमाबाई, तुम्ही या."

चिमाबाई नातीला कडेवर घेऊन मागे उभी होती. ती नको नको म्हणत होती, पण बायांनी ढकललं. ती ओट्याच्या कोपऱ्यात, बरोबर कोनशिलेच्या वर, पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि दोरीची दोन्ही टोकं अंगठ्याखाली दाबली. एका पोराने एका काठाने तीन गाठी मोजून दोरी धरली. कुसुमने दुसऱ्या काठाने चार. मधली दोरी ओट्यावर तिरकी ताणली गेली. कुठे झोळ नाही, कुठे ओढ नाही.

साहेब वाकले, चष्मा सावरला, आणि दोरीवर टिचकी मारली. दोरी घुमली. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी पुन्हा मारली. "कितने?"

कुसुमने एकेका गाठीवर बोट ठेवत मोजलं. "तिकडून इकडं... पाच!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भटजी ताम्हणामागून मान उंच करून बघत होते. ते शेजारच्याला म्हणाले, "पाहिलंत? हीच जागा मी दाखवली होती." त्यांना कुणी खोडून काढलं नाही, उलट पहिला पेढा त्यांनाच दिला.

"किसने बनाया?" साहेबांनी विचारलं. शेठ पुढे होत होता, पण सगळ्या पोरांनी एकदम कारभारीकडे बोटं दाखवली. कारभारीला हात कुठे ठेवायचे ते कळेना. त्याने ते पाठीमागे घेतले, मग पुढे आणले, मग तसेच सोडून दिले. छाती मात्र भरून आली होती, आणि ती त्याने लपवलीही नाही.

साहेबांनी हसून चिमाबाईकडे पाहिलं. "पूरे पाँच, बाई?"

चिमाबाईचा अंगठा अजून गाठीवर होता. मांडीवरच्या पोरीने दोरीला हात घातला होता, तो तिने अलगद सोडवला.

"पुरे पाच, साहेब," ती म्हणाली. "सारवी टाका, पुसी टाका. तरी पाचच येतीन."